अंकीय भूप्रतिमान आणि डोंगरी आपत्ती : एक परामर्श

१

डोंगराळ प्रदेशातील नैसर्गिक आपत्तींचा अभ्यास आणि त्यांचे व्यवस्थापन या दोन्ही क्षेत्रांत अंकीय भूप्रतिमान, म्हणजे व्यवहारात ज्याला ‘डीटीएम’ म्हटले जाते ते, आज इतके रूढ झाले आहे की, त्याच्यावाचून सिद्ध केलेला प्रबंध अपुरा मानला जावा. दरडप्रवणतेचा नकाशा करावयाचा असो, हिमस्खलनाची वाट रेखावयाची असो, की ओढ्याच्या पुराची मर्यादा ठरवावयाची असो, अभ्यासकाचे पहिले पाऊल प्रतिमान उतरवून घेण्याचे असते. आणि पुष्कळदा ते पहिले पाऊलच अखेरपर्यंत निर्णायक ठरते. ज्या साधनावर एवढा भार टाकला आहे त्याची परीक्षा मात्र क्वचितच होते. प्रबंधात त्याचा उल्लेख ‘आधारसामग्री’ या मथळ्याखाली दोन ओळींत संपतो, आणि नंतरची सारी पाने त्यातून निघालेल्या रंगीत नकाशांनी भरलेली असतात. प्रस्तुत लेखात ही परीक्षा करण्याचा प्रयत्न आहे.

प्रश्न केवळ शास्त्रीय नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या पायथ्याशी वसलेली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकर आदिवासींच्या या वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदतीला निघालेल्यांना भर पावसात डोंगर चढून जावे लागले. २७ मृतदेह हाती लागले आणि शोधकार्य थांबविले गेले तेव्हा ५७ माणसे बेपत्ता होती. दुसऱ्या दिवशी विधिमंडळात शासनाने सांगितले की, ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. हे विधान खरे होते, आणि म्हणूनच ते विचारात पाडणारे आहे. एखादे गाव यादीत नाही याचा अर्थ ‘तेथे धोका नाही’ असा होतो, की ‘तेथे कोणी पाहिले नाही’ असा? नकाशाच्या मौनाचे हे दोन अर्थ वेगळे आहेत. परंतु नकाशा स्वतः त्यांतील भेद सांगत नाही. अशा याद्या केवळ प्रतिमानावरून तयार होतात असे नव्हे. तथापि उत्तरोत्तर त्या प्रतिमानावर अधिकाधिक विसंबून राहणार हे स्पष्ट आहे. म्हणून प्रतिमानाने इर्शाळवाडी दाखविली असती काय, हा प्रश्न आपण आताच विचारला पाहिजे.

२

साधनाचा जन्म कोणत्या गरजेपोटी झाला हे पाहिले म्हणजे त्याचा स्वभाव कळतो. ‘डिजिटल टेरेन मॉडेल’ ही संज्ञा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये चार्ल्स मिलर आणि लाफ्लाम यांनी रूढ केली. त्यांचा निबंध १९५८ चा आहे. त्यांच्यापुढे दरडींचा प्रश्न नव्हता. महामार्ग आखताना डोंगर किती कापावा लागेल आणि भराव किती घालावा लागेल याचा हिशेब संगणकाकडून करवून घ्यावयाचा, एवढाच त्यांचा हेतू होता. भूमीचा आकार क्ष, य आणि उंची अशा तीन अंकांच्या रांगांत मांडला की घनफळ काढणे सोपे होते. डोंगर कापण्यासाठी निर्माण झालेल्या साधनाला आज आपण ‘कोणता डोंगर पडेल?’ असे विचारीत आहोत. हा विरोधाभास केवळ गमतीचा नाही. घनफळाच्या प्रश्नाला हे साधन आजही उत्तम उत्तर देते, असे पुढे दिसून येईल. भाकिताच्या प्रश्नाला मात्र ते तितक्या सहजतेने उत्तर देत नाही.

आपल्याकडील अभ्यासक बहुधा तीन प्रतिमाने वापरतात. पहिले, फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अंतराळयानावरून ६० मीटर लांबीच्या दांडीच्या टोकाला दुसरा ग्राहक बसवून केलेल्या रडार-मापनाचे. ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या पट्ट्यातील, म्हणजे पृथ्वीवरील सुमारे ८० टक्के भूभागाची उंची त्यातून मिळाली. दुसरे, जपान व अमेरिका यांनी २००९ पासून प्रसिद्ध केलेले ‘ॲस्टर’चे प्रतिमान. तिसरे, ५ मे २००५ रोजी सोडलेल्या भारतीय ‘कार्टोसॅट-१’चे, या उपग्रहावर पुढे व मागे रोखलेले दोन कॅमेरे होते आणि त्यांच्या जोडचित्रांवरून उंची काढली जात असे. ही तिन्ही प्रतिमाने सर्वसामान्य अभ्यासकाला साधारणतः ३० मीटरच्या जाळीत उपलब्ध आहेत.

येथे एक भेद काटेकोरपणे पाळला पाहिजे. या तिन्ही प्रतिमानांत जी उंची नोंदलेली आहे ती पुष्कळ ठिकाणी जमिनीची नाही; झाडांच्या शेंड्यांची, घरांच्या छपरांची, किंवा या दोहोंच्या मधली कोठली तरी आहे. म्हणून त्यांना भूप्रतिमान न म्हणता पृष्ठप्रतिमान म्हणणे योग्य होय. खरे भूप्रतिमान मिळवावयाचे तर झाडोऱ्यातून खाली उतरून जमिनीवरून परत येणारे लेसर किरण वेगळे काढावे लागतात. पृष्ठप्रतिमानावर केलेल्या कामाला सर्रास ‘डीटीएम’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. ती केवळ नावाची चूक नव्हे. सह्याद्रीच्या सदाहरित रानात जेथे रानाची कड संपते तेथे पृष्ठप्रतिमान १५–२० मीटरचा कडा दाखवू शकते. तो कडा झाडांचा असतो, कातळाचा नव्हे. संगणक मात्र त्याला तीव्र उतार म्हणून मोजतो.

३

दरडीच्या विवेचनात उतार हा पहिला घटक धरला जातो. म्हणून प्रतिमानातून उतार कसा निघतो हे पाहणे अगत्याचे आहे. बहुतेक संगणक-प्रणालींत हॉर्न यांनी १९८१ मध्ये वापरलेली पद्धत रूढ आहे: एका चौकटीचा उतार तिच्या भोवतालच्या आठ चौकटींच्या उंचींवरून काढावयाचा. म्हणजे ३० मीटरच्या जाळीत प्रत्येक उतार हा ६० मीटर अंतरावरील उंचीच्या फरकाची सरासरी असतो.

आता दक्खनच्या बेसाल्टी डोंगराचे रूप डोळ्यांपुढे आणावे. लाव्हाचे थरावर थर बसून झालेला हा प्रदेश. ‘ट्रॅप’ हे त्याचे नावच मुळी पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आले आहे. कडा, त्याखाली माची, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी, अशी ही रचना आहे. समजा, दोन सपाट्यांच्या मध्ये ३० मीटर उंचीचा उभा कडा आहे. प्रत्यक्षात त्याचा उतार ९० अंशांचा. ३० मीटरच्या जाळीत तो ६० मीटरला ३० मीटर, म्हणजे सुमारे २७ अंशांचा दिसेल. ९० मीटरच्या जाळीत १८० मीटरला ३० मीटर, म्हणजे साडेनऊ अंशांचा. ९० अंशांचा कडा प्रथम चढण होतो आणि मग शेतजमीन होतो. सह्याद्रीचे जे वैशिष्ट्य भूशास्त्रज्ञाने प्रथम सांगावे, तेच स्थूल प्रतिमानातून प्रथम पुसले जाते.

यावर सुचणारा उपाय म्हणजे जाळी बारीक करणे. परंतु येथे दुसरी अडचण आहे, आणि ती विद्यार्थ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. समजा, प्रत्येक चौकटीच्या उंचीत ५ मीटर प्रमाण-विचलनाची, परस्परांशी असंबद्ध अशी चूक आहे. अगदी सपाट मैदानावरही या चुकीमुळे ३० मीटरच्या जाळीत सुमारे ४ अंशांचा खोटा उतार निर्माण होतो. तीच सामग्री १० मीटरच्या जाळीत मांडली तर तो १२ अंशांवर जातो. कारण चूक तेवढीच राहते, पण ज्या अंतराने तिला भागावयाचे ते तिपटीने घटते. प्रत्यक्षात शेजारच्या चौकटींच्या चुका काही अंशी एकमेकींशी निगडित असतात, त्यामुळे परिणाम इतका मोठा होत नाही; तरी तत्त्व खोटे ठरत नाही. उंचीची अचूकता न वाढविता केवळ जाळी बारीक केली, तर तपशील वाढल्याचा भास होतो आणि ज्ञान मात्र वाढत नाही. रडार-मोहिमेच्या आराखड्यात उंचीच्या निरपेक्ष अचूकतेची मर्यादा १६ मीटर धरलेली होती. प्रत्यक्ष परीक्षणात सपाट प्रदेशात ती पुष्कळ चांगली ठरली. डोंगरात मात्र रडारच्या छायेतल्या जागा रिकाम्या राहिल्या आणि त्या अन्य साधनांनी भरून काढाव्या लागल्या. म्हणजे आपत्तीच्या अभ्यासाला जी जागा सर्वांत महत्त्वाची, तीच मापनाला सर्वांत अवघड.

आणखी एक गोष्ट काळाची. फेब्रुवारी २००० मधील मापन हे त्या फेब्रुवारीतील डोंगराचे आहे. त्यानंतर कापलेले रस्ते, काढलेल्या खाणी, पाडलेले बांध त्यात नाहीत. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गाव गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यानंतर वरच्या उतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाची बरीच चर्चा झाली. त्या वादाचा निर्णय येथे करावयाचा नाही. एवढेच नमूद करावयाचे की, दोन मीटर उंचीची ताल ३० मीटरच्या चौकटीत दिसत नाही, आणि वाद ज्या तालींविषयी होता त्यांच्याविषयी त्या वेळी सार्वत्रिक उपलब्ध असलेले प्रतिमान काहीच सांगू शकत नव्हते.

४

आतापर्यंतचे आक्षेप मापनाविषयीचे होते. उत्तम लेसर-मापनाने त्यांतील बरेचसे दूर होतील. पुढचा आक्षेप अधिक मुळाशी जाणारा आहे. दरड ही पृष्ठभागाची घटना नाही. मुरलेल्या पाण्याने मातीच्या रंध्रांतील दाब वाढतो, कणाकणांमधील घर्षण घटते, आणि मातीचा किंवा विदारित खडकाचा थर खालच्या घट्ट कातळावरून सुटतो. थराची जाडी किती, खालच्या कातळाचा कल कोणीकडे, पाणी कोठे अडते, हे दरडीचे खरे प्रश्न होत. यांतील एकाचेही उत्तर पृष्ठभागाच्या आकारात सरळ लिहिलेले नसते.

अभ्यासकांना हे ठाऊक नाही असे नाही. बेव्हन व कर्कबी यांनी १९७९ मध्ये, आणि मॉन्टगोमेरी व डिट्रिच यांनी १९९४ मध्ये ज्या पद्धती मांडल्या, त्यांत पृष्ठभागाच्या आकारावरूनच जमिनीतील ओलाव्याचा अंदाज बांधला जातो. जेथे वरून अधिक क्षेत्राचे पाणी एकवटते, तेथे माती लवकर भिजते. आणि जेथे भिजलेली माती तीव्र उतारावर असते, तेथे ती घसरते. विचार सुंदर आहे, आणि जेथे मातीचा सलग थर कातळाला समांतर पसरलेला असतो तेथे तो फलदायीही ठरला आहे. पण त्याच्या मुळाशी एक गृहीतक आहे: जमिनीखालचे पाणी जमिनीवरच्या उताराच्या दिशेनेच वाहते. बेसाल्टच्या प्रदेशात हे गृहीतक तपासल्याविना स्वीकारता येत नाही. येथे पाणी उभ्या भेगांतून उतरते, दोन लाव्हाथरांमधल्या चिकणमातीयुक्त लाल थरावर अडते, आणि त्या थराच्या आडव्या रेषेने डोंगराच्या कुशीतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. ते झरे कोठे आहेत हे गावच्या पाणी भरणाऱ्या बाईला ठाऊक असते; प्रतिमानाला नसते. नवा झरा फुटणे, जुन्या झऱ्याचे पाणी गढूळ होणे, उतारावर भेग पडणे, झाडे कलणे, ही दरडीची जुनी आणि प्रत्ययाची लक्षणे आहेत. त्यांतील एकही उंचीच्या अंकांत उतरत नाही, निदान एकदाच घेतलेल्या मापनात तरी नाही.

५

प्रतिमानातून काढलेला उतार, उताराची दिशा, वक्रता, ओढ्यापासूनचे अंतर इत्यादी घटक घेऊन, पूर्वीच्या दरडींच्या नोंदींशी त्यांचा संख्याशास्त्रीय संबंध जोडून दरडप्रवणतेचे नकाशे केले जातात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४–१५ पासून हाती घेतलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सुमारे ४.२ लाख चौरस किलोमीटर डोंगरी क्षेत्राचे असे नकाशे १ : ५०,००० या प्रमाणावर तयार झाले. हे काम फार मोठे आहे, आणि त्यात क्षेत्रपाहणीचाही अंतर्भाव आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. परंतु प्रमाणाचा अर्थ विसरून चालणार नाही. १ : ५०,००० या प्रमाणावर एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. शंभर मीटर लांबीची वाडी नकाशावर दोन मिलिमीटरची होते. असा नकाशा तालुक्याला सांगू शकतो की आधी कोणत्या खोऱ्यात जा. वाडीला तो सांगू शकत नाही की घर सोड. पहिल्या कामासाठी केलेला नकाशा दुसऱ्या कामासाठी वापरणे हा नकाशाचा दोष नव्हे, वाचनाचा दोष आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूस्खलन-नकाशासंग्रहाविषयी असेच म्हणावे लागेल. १९९८ ते २०२२ या काळातील सुमारे ८०,००० दरडींची नोंद त्यात आहे. १७ राज्ये व २ केंद्रशासित प्रदेशांतील १४७ जिल्ह्यांचा अनुक्रम लावलेला असून उत्तराखंडातील रुद्रप्रयाग पहिला आणि टिहरी दुसरा आहे. दरडींची अशी सामग्री एकत्र आणल्याबद्दल अभ्यासकांनी ऋणी राहावे. पण अनुक्रम जिल्ह्यांचा आहे, आणि दरड जिल्ह्यावर पडत नाही. त्यातील तेराव्या क्रमांकाच्या वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ रोजी जे घडले, ते बारा जिल्हे वर असल्यामुळे कमी भीषण ठरले नाही.

प्रबंधांत या नकाशांची सिद्धता बहुधा एका आकड्याने सांगितली जाते: ‘नकाशाची अचूकता ९० टक्के.’ हा आकडा वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, परीक्षेसाठी बाजूला ठेवलेल्या चौकटी कोठून घेतल्या? एकाच दरडीच्या काही चौकटी शिकवणुकीत आणि काही परीक्षेत असतील, तर विद्यार्थ्याला प्रश्नपत्रिका आधीच दाखविल्यासारखे होते. दुसरी गोष्ट साध्या गणिताची. समजा, एक लाख चौकटींपैकी शंभर चौकटींत खरोखर दरड पडावयाची आहे. नकाशा त्यांतील ९० ओळखतो, आणि निर्धोक चौकटींपैकीही ९० टक्के निर्धोक म्हणून ओळखतो. तरी उरलेल्या ९९,९०० निर्धोक चौकटींपैकी ९,९९० चौकटींना तो धोक्याचा शिक्का मारील. एकूण १०,०८० चौकटी रंगल्या, त्यांतील खऱ्या ९०. म्हणजे ११२ चौकटींमागे एक. आणि दहा खऱ्या चौकटींवर नकाशा मौनच धरून बसला. असा नकाशा टाकाऊ नाही. एक लाखावरून दहा हजारांवर शोध आणणे ही मोठी मदत आहे. परंतु तो शोधाचा आरंभ आहे, निर्णय नव्हे. शिक्का बसलेल्या गावाला उठविण्याचा हुकूम त्यावरून काढता येत नाही, आणि शिक्का न बसलेल्या गावाला निर्धास्त राहण्याचा सल्लाही देता येत नाही.

येथे इर्शाळवाडीच्या प्रश्नाकडे परत येता येते. सह्याद्रीत माणसे कड्यावर राहत नाहीत; ती माचीवर, डोंगराच्या सोंडेवर, पायथ्याच्या मंद उतारावर राहतात, कारण माती, पाणी आणि घरापुरती सपाटी तेथेच मिळते. प्रशासनाच्या सामग्रीत गाव हा एक बिंदू असतो. त्या बिंदूच्या चौकटीचा उतार वाचला तर तो सौम्यच निघावयाचा. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे ८० हून अधिक माणसे गेली. तेथेही घरे ज्या जमिनीवर होती तिचा उतार हा प्रश्नच नव्हता; प्रश्न वरच्या उताराचा होता. किंबहुना पायथ्याची ती मऊ, मातीची सपाटी पुष्कळ ठिकाणी जुन्या दरडींच्याच राड्याची बनलेली असू शकते, म्हणजे जी जागा राहण्यास योग्य वाटते तीच पूर्वीच्या आपत्तीची खूण असू शकते. ‘गाव कोणत्या उतारावर आहे?’ असे विचारणारी पद्धत इर्शाळवाडीला चुकविणारच. ‘गावाच्या वर काय आहे, आणि ते सुटले तर कोठवर येईल?’ असे विचारणारी पद्धत कदाचित चुकविणार नाही.

६

आणि हा दुसरा प्रश्न मात्र असा आहे की, त्याचे उत्तर देण्यात अंकीय भूप्रतिमानाची खरी शक्ती आहे. प्रस्तुत विवेचन साधनाच्या विरोधात नसून त्याच्या गैरवापराच्या विरोधात आहे, हे येथे स्पष्ट व्हावे.

७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात ऋषिगंगा व धौलीगंगा यांच्या खोऱ्यांतून चिखल-दगडांचा लोंढा आला. दोन जलविद्युत् प्रकल्प उद्ध्वस्त झाले आणि दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. प्रथम सर्वत्र ‘हिमसरोवर फुटले’ असे सांगण्यात आले. त्याच वर्षी अनेक देशांतील शास्त्रज्ञांनी मिळून घटनेपूर्वीचे आणि घटनेनंतरचे प्रतिमान एकमेकांतून वजा करून दाखविले की, रोंती शिखराच्या उत्तर कड्यावरून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ सुटला होता; त्यात खडक सुमारे ८० टक्के आणि बर्फ २० टक्के. सुमारे १,८०० मीटर खाली कोसळताना घर्षणाने बर्फ वितळला आणि कोरड्या कोसळीचा लोंढा झाला. वजाबाकीने मिळालेल्या घनफळावाचून हा निर्णय करणे कठीण होते. मिलर यांनी ज्या हिशेबासाठी हे साधन घडविले, त्याच हिशेबाने येथे एका चुकीच्या समजुतीचे निराकरण झाले.

वायनाडचे उदाहरण दुसऱ्या बाजूचे आहे. तेथील दरडीचा उगम सुमारे १,५५० मीटर उंचीवर झाला आणि लोंढा सुमारे ८ किलोमीटर वाहत गेला. दोनशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांची वस्ती मुख्यतः खाली, नदीकाठी होती. त्याच उगमस्थानी पूर्वीही दरड पडल्याचे उपग्रहचित्रांत नोंदलेले होते. जुनी जखम कोठे आहे हे ठाऊक असेल, तर तेथून सुटलेले द्रव्य कोणत्या घळीने उतरेल, कोठे वळेल, कोठे पसरेल, हे सूक्ष्म प्रतिमानावर गणिताने मांडता येते. पाणी व राडा गुरुत्वाकर्षणाने पृष्ठभागावरूनच उतरतो, आणि पृष्ठभागाचे वर्णन हेच तर प्रतिमानाचे काम! कोठून सुटेल हे सांगताना प्रतिमान डळमळते. सुटल्यावर कोठे जाईल हे सांगताना ते पुष्कळच खंबीर असते. आपल्याकडील बहुसंख्य प्रबंध पहिल्या प्रश्नावर आहेत, दुसऱ्यावर फार थोडे. हे प्रमाण उलटले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

साधनाचा योग्य वापर कसा दिसतो हे स्वित्झर्लंडमधील ब्लाटेन या गावाने दाखविले. गावाच्या वरच्या डोंगरावरून बर्श हिमनदीवर खडक कोसळू लागल्याचे दिसताच १९ मे २०२५ रोजी सुमारे ३०० रहिवाशांना हलविण्यात आले. २८ मे रोजी हिमनदी कोसळली आणि गावाचा फार मोठा भाग गाडला गेला. एक मनुष्य दगावला, बाकीचे वाचले. तेथे अर्धा मीटर जाळीचे राष्ट्रीय भूप्रतिमान आहे, हे खरे. पण गाव वाचले ते केवळ त्यामुळे नाही. डोंगराचे मापन पुनःपुन्हा होत होते. त्यामुळे आकार नव्हे, तर आकारातील बदल दिसत होता. बदल पाहणारी माणसे नेमलेली होती, आणि त्यांच्या शब्दावर गाव रिकामे करण्याचा अधिकार असलेली स्थानिक सत्ता होती. घरे गेली, माणसे राहिली. आपत्ती-व्यवस्थापनाकडून एवढीच अपेक्षा रास्त होय.

७

यावर एक आक्षेप संभवतो. स्वित्झर्लंड लहान व संपन्न देश आहे; आपल्याकडे स्थूल प्रतिमानाशिवाय दुसरे काय उपलब्ध आहे? अभावापेक्षा अपुरे बरे नव्हे काय? हा आक्षेप अर्धा खरा आहे. अपुरे साधन जरूर वापरावे. पण ते अपुरे आहे हे नकाशावरच लिहावे. डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणात २०३० पर्यंत सपाट प्रदेशासाठी २५ सेंटिमीटर आणि डोंगरी प्रदेशासाठी १ ते ३ मीटर अशा उच्च अचूकतेच्या उंची-प्रतिमानाचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते साध्य झाले, तर तिसऱ्या भागातील आक्षेप बहुतांशी निकाली निघतील. चौथ्या भागातील आक्षेप मात्र तसेच राहतील. कारण जमिनीखालचे पाणी २५ सेंटिमीटरच्या अचूकतेनेही दिसत नाही. म्हणून नवे प्रतिमान येईपर्यंत थांबण्याचे, आणि आल्यावर निश्चिंत होण्याचे, दोन्हीचे कारण नाही.

विद्यापीठांच्या विभागांना यात काय करता येईल, याविषयी तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, दरडविषयक प्रत्येक प्रबंधात प्रतिमानाचे वय, ते पृष्ठाचे की भूमीचे, आणि उंचीतील चुकीचा उतारावर होणारा परिणाम, यांचा स्वतंत्र परिच्छेद असावा. तो नसेल तर परीक्षकाने प्रबंध परत करावा. दुसरी, प्रवणतेच्या नकाशात तीन नव्हे, चार रंग असावेत: अधिक, मध्यम, अल्प, आणि चौथा ‘पाहणी झालेली नाही’. नकाशाच्या मौनाचे जे दोन अर्थ आरंभी सांगितले, ते वेगळे करण्याचा याहून सोपा उपाय नाही. तिसरी, एका विद्यार्थ्याने एक तालुका घेऊन संगणकावर रंगविण्यापेक्षा एक वाडी घ्यावी. तिच्या वरच्या घळी, झरे, भेगा, जुन्या राड्याचे ढीग पायी फिरून नोंदावेत, गावकऱ्यांच्या आठवणीतील दरडी लिहून घ्याव्यात, आणि मग प्रतिमानावर लोंढ्याची वाट मांडून ती ग्रामपंचायतीला व तलाठ्याला समजेल अशा रीतीने द्यावी. महाराष्ट्राच्या डोंगरी तालुक्यांत महाविद्यालयांची आणि भूगोलाच्या विद्यार्थ्यांची उणीव नाही. दरवर्षी पन्नास वाड्यांची अशी पाहणी झाली, तर दहा वर्षांत पाचशे वाड्या चौथ्या रंगातून बाहेर येतील. त्यांतील काही पहिल्या रंगात जातील. त्यांना पावसाळ्यापूर्वी तसे सांगणारा कोणी तरी तेथे जाऊन आलेला असेल.